आठव्या महिन्यातली खाज

राजेश्वरीला सातव्या महिन्यात माहेरी सोडायला तिची सासू रंगूबाई स्वतः आली. दहिवडीजवळच्या गावातून आष्ट्याला यायला तीन-साडेतीन तास लागले. वाटेत राजेश्वरी दोनदा ओकली. उतरल्या उतरल्या, चहाचा कप हातात यायच्या आधीच, रंगूबाईंनी विहिणीला बजावलं.

"विहीणबाई, हिला एका टायमाला पोटभर वाढू नका. वर येतंय. थोडं थोडं द्या, दिवसातनं पाच-सहा वेळा. आमच्या गाभण मेंढ्यांला बी आमी शेवटी शेवटी तसंच घालतो."

"आत्या, मी मेंढी हाय व्हय?" राजेश्वरी हसून म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची.

"मेंढी परवडली. ती तुझ्यावानी चोरून मिरचीचा ठेचा खात न्हाई."

राजेश्वरीच्या आईला, शालनला, ही विहीण पहिल्यापासून आवडायची. बोलायला तिखट, पण पोरीला जीव लावणारी. जावई उदयसिंह फौजेत, वर्षातून दोनदा घरी येणारा. त्यामुळे राजेश्वरीचे पहिले सात महिने रंगूबाईंनीच काढले होते. तिसऱ्या महिन्यापर्यंत उलट्या, मग छातीत जळजळ, मग चार-चार दिवस पोट साफ नाही. चतकोर भाकरी खाल्ली तरी घशाशी यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना रंगूबाईंनी ओलावल्या डोळ्यांनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि एसटीत बसल्या.

शालनने पथ्य नीट सांभाळलं. सकाळी भिजवलेल्या मनुका, दहाला ताक, दुपारी थोडा वरणभात, चारला राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी लवकर भाकरी-भाजी. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. महिनाभरात राजेश्वरीच्या तोंडावर जरा तकाकी आली. बाळ पोटात चांगलं फिरत होतं. ती आईचा हात धरून पोटावर ठेवायची, आणि शालन हात ठेवायची पण लगेच काढून घ्यायची. राजेश्वरीच्या ते लक्षात आलं होतं. कामाच्या घाईत असेल, असं तिला वाटायचं.

आठवा महिना अर्धा सरला आणि तिच्या तळहातांना, तळपायांना खाज सुटली.

आधी तिने कुणाला सांगितलं नाही. साबण बदलला. मग खाज मनगटांपर्यंत चढली, रात्री झोप लागेना, तेव्हा वडिलांना म्हणाली. लालासाहेब नुकतेच शेतातून वैरणीचा भारा घेऊन आले होते.

"वाढ्याची कूस लागली आसंल," ते म्हणाले. उसाच्या पानाची बारीक कूस अंगाला लागली की दिवसभर खाजतं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. "भाऱ्याजवळ जाऊ नगंस."

"मी कुठं जातीय तिकडं, आण्णा?"

"मग वाऱ्यानं उडाली आसंल."

गावातल्या एका डॉक्टरने कोरडी कातडी म्हणून लावायला मलम दिलं. त्याने दोन तास गार वाटायचं, की परत सुरू.

शालनला हे कळलं चौथ्या दिवशी, तेही कुणी न सांगता. ती धुणं वाळत घालून परसातून येत होती. राजेश्वरी धुण्याच्या दगडावर एका हाताने तोल सावरत उभी होती आणि डोळे मिटून, ओठ दाबून, उजव्या पायाचा तळवा दगडाच्या खरबरीत कडेवर घासत होती. तळवा लाल झाला होता. तरी ती थांबत नव्हती.

शालनच्या हातातली रिकामी बादली खाली पडली.

"राजी, किती दिस झालं हे?"

"चार-पाच. कूस लागलीय म्हणं."

"अंगावर पुरळ हाय?"

"न्हाई. काहीच दिसत न्हाई. म्हणून तर कळंना."

"रात्री जास्त व्हतंय?"

"व्हय."

"लघवी पिवळीजर्द?"

राजेश्वरीने पाय खाली घेतला. "तुला कसं कळलं?"

शालन तडक आत गेली, बाहेर जायचं लुगडं नेसून पाच मिनिटांत आली आणि गोठ्याकडे तोंड करून ओरडली, "आवं, गाडी काढा. सांगलीला जायाचं."

"आत्ता? उद्या कारखान्यात मोळीपूजन हाय, मला..."

"आत्ताच्या आत्ता."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण बायको अशा आवाजात बोललेली लालासाहेबांनी एकदाच ऐकली होती. त्यांनी काही न विचारता गाडी काढली.

डॉ. स्वप्नाली मगदूम चाळिशीच्या होत्या. सांगलीत त्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं. राजेश्वरीचं नाव तिथे आधीच घातलेलं होतं. त्यांनी हात पाहिले, पाय पाहिले, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले. ठोके व्यवस्थित होते. मग वहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला गरोदरपणी अशी खाज सुटली होती? आईला, मावशीला, बहिणीला?"

"न्हाई," राजेश्वरी म्हणाली.

"मला," शालन म्हणाली.

राजेश्वरीने वळून आईकडे पाहिलं.

"माझ्या वेळी?"

"तुझ्या वेळी थोडी. तू पंधरा दिस आधीच झालीस." शालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "त्याच्या आधी एक पोरगा झालता मला. तवा लय खाज सुटली व्हती. नववा लागला व्हता. आईनं कडुलिंबाचा पाला वाटून लावला, खोबरेल लावलं. एक दिवस सकाळी उठले आन् पोट गप झालतं. दुपारपतूर वाट बघितली. मग मिरजंला नेलं. मेलेला पोरगा झाला. सगळा भरलेला, नखं आलेली. मला दावला न्हाई. जाऊबाईंनी बघितला, त्यांनी सांगितलं."

राजेश्वरी सत्तावीस वर्षांची होती आणि आपल्याला मोठा भाऊ होता हे तिला त्या क्षणी, परक्या माणसासमोर कळत होतं. तिने आईच्या मांडीवर हात ठेवला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही आज हिला घेऊन आलात ते फार बरं केलंत."

"पर हे कशानं व्हतंय, ताई?"

"सांगते. राजेश्वरी, तूही ऐक. दिवस गेले की अंगात दोन हार्मोन्स खूप वाढतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाला शांत ठेवतं, ते आवळू देत नाही. म्हणून ते लागतंच. पण ते एका जागी थांबत नाही. जठर, आतडी, सगळ्यांनाच सुस्त करतं. अन्न पोटात जास्त वेळ राहतं, जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, म्हणून तुला घशाशी यायचं. आतडी हळू चालतात, म्हणून पोट साफ व्हायचं नाही. हे बहुतेक बायकांना होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

"आन् खाज?"

"यकृतातून पित्त खाली आतड्यात उतरतं, तेलतूप पचवायला. काही बायकांचं यकृत या हार्मोन्सनी जास्तच सुस्तावतं. मग पित्त वाहायचं मंदावतं आणि रक्तात चढतं. त्याची ही खाज. आईला नुसता जाच होतो, पण पित्त फार चढलं तर धोका बाळाला असतो. हे पुष्कळदा घराण्यात असतं, आईकडून मुलीकडे. आधी रक्त तपासू, मग बोलू."

नर्स राजेश्वरीला रक्त घ्यायला घेऊन गेली. शालन मात्र खुर्चीवरून उठली नाही.

"ताई, एक इचारू?"

"विचारा ना."

"पपईनं व्हतंय का हे?"

"कशानं?"

"मी पपई खाल्ली व्हती. शेजारच्या झाडाची. दोनच फोडी. लय मन झालतं, आन् दुसरं काय पोटात ठरत नव्हतं. सासूला कळलं तवा ती म्हणली, तूच घालवलास. नंतर कधी बोलली न्हाई, पर मला ते..."

डॉ. स्वप्नाली टेबलाच्या कडेने येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"पपईने नाही झालं, काकू. पाला लावल्याने नाही, खाजवल्याने नाही. तुम्ही काही केल्याने झालेलं नाही. त्या वेळी कुणी रक्त तपासलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. पण ते तुमच्या हातात नव्हतं."

शालन रडली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून. बाहेर बाकावर बसलेल्या लालासाहेबांना दाराच्या फटीतून बोलणं ऐकू आलं होतं, आता ते दिसलंही. ते उठून आत आले आणि काय करावं न सुचून बायकोच्या मागे उभे राहिले. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मला बी कुणी सांगितलं नव्हतं गं. न्हाईतर मी तुला सांगितलं असतं."

त्या पोराबद्दल ते एकतीस वर्षांत पहिल्यांदा बोलले होते.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. रक्तातलं पित्त असायला हवं त्याच्या पाचपट होतं. डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला तपासणी लावली आणि बाळाची हालचाल मोजायला सांगितली. कमी वाटली तर फोनही न करता थेट यायचं. सदतिसावा आठवडा पुरा झाला की कळा आणायच्या, पूर्ण दिवसांची वाट बघायची नाही.

हे रंगूबाईंना पटेना.

"विहीणबाई, ह्यो काय प्रकार?" त्या फोनवर म्हणाल्या. "दिवस भरायच्या आधी कशाला छेडायचं? कच्चं लेकरू व्हईल. आन् उदयला पुढच्या महिन्यातली रजा मिळालीय. बापाला लेकराचं तोंड बघू द्या की."

राजेश्वरी फोन घेऊन समजावणार होती. शालनने तिला हातानेच थांबवलं. ती ओसरीवर खाली बसली आणि डॉक्टरांना जे सांगितलं तेच, पपईसकट, विहिणीला सांगितलं.

पलीकडून एका मेंढराचं ओरडणं आलं आणि रंगूबाईंचा खाकरल्याचा आवाज.

"आन् तुमी एवढी वर्सं गप बसला?"

"कुणाला सांगू?"

"मला सांगायचं. चार वर्सं झाली सोयरीक हून." रंगूबाई म्हणाल्या. "बरं. डाक्टरीण म्हणती तसं करू. उदयला मी सांगते, त्याचं त्यो बघंल. मेंढरं भावकीत सोपवून मी येते."

त्या खरंच आल्या, दोन आठवडे आधीच. त्या पंधरा दिवसांत दुपारी जेवणं झाली की राजेश्वरी डाव्या कुशीवर पडायची, आणि दोघी म्हाताऱ्या होत चाललेल्या बायका तिच्या दोन बाजूंना बसून बाळाच्या लाथा मोजायच्या. रंगूबाई मोठ्याने मोजायच्या, शालन बोटांवर. कधी दोघींचा आकडा जुळला नाही की राजेश्वरी म्हणायची, "माझा धरा. मला आतनं कळतंय." गोळ्यांनी खाज निम्म्यावर आली. ओली फडकी तळव्यांना गुंडाळून ती थोडी झोपूही लागली. शालन आता पोटावर ठेवलेला हात काढून घेत नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळी सहाला तिला दाखल केलं. कळा यायला दुपार झाली. ठोक्यांचं यंत्र सतत चालू होतं. एकदा ठोके मंद झाले तशी डॉक्टर धावत आल्या, राजेश्वरीला कुशीवर वळवलं, आणि ठोके परत लागले. तेवढ्या दोन मिनिटांत शालनने रंगूबाईंचं मनगट एवढं घट्ट धरलं की त्यांच्या हातावर हिरव्या बांगडीचा वळ उठला.

साडेचारला मुलगी झाली. वजन दोन किलो चारशे. झाल्या झाल्या रडली, आणि मग थांबेचना.

"घसा बघा," रंगूबाई म्हणाल्या. "कच्चं म्हणं!" आणि स्वतःच रडायला लागल्या.

उदयसिंहने व्हिडिओ कॉलवर लेक पाहिली. रजा अकरा दिवसांनी सुरू होत होती, तोवर रोज दोनदा दाखवा म्हणाला. तिसऱ्या दिवशी राजेश्वरीची खाज पूर्ण गेली. चौथ्या दिवशी तिने एका बैठकीत अख्खी भाकरी खाल्ली आणि घशाशी काही आलं नाही. डॉक्टरांनी घरी सोडताना फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं की पुढच्या खेपेला हे पुन्हा होऊ शकतं, सुरुवातीलाच सांगायचं. मग शालनला विचारलं, "काकू, हिला बहीण आहे ना?"

"हाय. उत्कर्षा. पुण्यात शिकती. अजून लग्न न्हाई."

"तिलाही सांगून ठेवा."

शालन फोन घेऊन व्हरांड्यात गेली. खाली रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर चालले होते, त्यांच्या आवाजात बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. उत्कर्षाला आधी भाचीबद्दलच सगळं ऐकायचं होतं. ते झाल्यावर शालनने तिला दुसरं सांगितलं. सावकाश, काही न गाळता.

शेवटी उत्कर्षाने विचारलं, "आई, दादाचं नाव ठेवलं होतं?"

हे कधीच कुणी विचारलं नव्हतं.

"ठेवलं न्हाई गं. पर पोटात व्हता तवा मी मनातल्या मनात हाक मारायची."

"काय म्हणून?"

"पृथ्वीराज," शालन म्हणाली. आत बाळ रडायला लागलं तसं रंगूबाईंनी तिला हाक मारली. "थांब, तुझी भाची बोलवतीय," असं म्हणून तिने फोन ठेवला.