ऊन आलं की सुरू होणारा पंप

वडीगोद्रीच्या बाहेर, हायवेला लागून काकासाहेबांचं ठिबकचं दुकान आहे. दुकानामागे मोसंबीची बाग, आणि बागेच्या कडेला दोन मजली घर. त्या घराच्या मागच्या अंगाला त्यांनी पोहायचा हौद बांधला तेव्हा गावाला ती पैशाची मस्ती वाटली. तसं नव्हतं. त्यांची मुलगी आकांक्षा जालन्याला कॉलेजात असताना तिच्या स्कुटीला मागून टेम्पोने उडवलं होतं. मणक्याला मार बसला. ऑपरेशननंतर ती उभी राहिली, पण डावा पाय गुडघ्याखाली बधिर झाला तो झालाच. टाचणी टोचली तरी कळायचं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रोज कोमट पाण्यात चालली तर पायात जोर येईल, पाणी अंगाचा भार उचलून धरतं. रोज उठून तिला संभाजीनगरला कोण नेणार? म्हणून हौद.

उन्हाळ्यात सगळं बरं चाललं. कडेच्या स्टीलच्या दांडीला धरून आकांक्षा उथळ टोकाकडून खोल टोकाकडे जायची आणि वळून परत यायची. जमिनीवर काठीशिवाय पाऊल न टाकणारी पोर पाण्यात मोकळी चालायची. आई दैवशाला टॉवेल घेऊन पायरीवर बसलेली असायची. तिला पाण्याचं भारी भय. माहेरी दारातच विहीर होती, तरी ती कधी पाण्यात उतरली नव्हती, आणि या हौदातही पहिल्या पायरीच्या खाली तिचं पाऊल गेलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि पाणी गार पडलं. आकांक्षा उतरली की दातावर दात वाजायचे, मांडीला गोळे यायचे. पंधरा-वीस दिवसांत पायाचा जोर पुन्हा कमी झाला. मंग काकासाहेबांनी जालन्याहून कल्याण नावाच्या कारागिराला बोलावलं. कल्याण सोलरची कामं घ्यायचा, त्यांच्याच दुकानातून पाइप नेणारा ओळखीचा माणूस.

कल्याणने ओसरीवर बसून तीन प्रकार समजावले. घराघरावर असतात त्या काचेच्या नळ्या. तांब्याच्या पट्ट्यांच्या पेट्या. आणि काळ्या प्लास्टिकच्या चटया, ज्यांच्या बारीक नळ्यांतून पाणी फिरून तापतं. काचेच्या नळ्या पाणी कढवतात, आणि हौदाला तर नुसतं कोमट लागतं. तांब्यात आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार बसणार. तेव्हा काळ्या चटया बऱ्या, फक्त जागा भरपूर हवी, जवळजवळ हौदाएवढी. त्याने गोठ्याचा पत्रा सुचवला, कारण तो बुटका होता आणि हौदाच्या शेजारी होता. पण दुपारनंतर तिथे कडुलिंबाची सावली पडायची, आणि लिंब तोडायला काकासाहेब तयार नव्हते. त्यांनी घराच्या वरच्या स्लॅबकडे बोट दाखवलं. तिथे दिवसभर ऊन.

कल्याण म्हणाला, एवढ्या उंच पाणी चढवायचं तर आत्ताचा पंप पुरायचा नाही. काकासाहेब हसले. पंप विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी दुकानातला मोठा पंप काढून दिला, आणि घरातले दिवे मंद होऊ नयेत म्हणून त्याला शेताच्या लाइनीवर वेगळं कनेक्शन दिलं. हौदाच्या तळाला, खोल टोकाशी, पाणी ओढायचं एकच भोक होतं. त्यावर प्लास्टिकची जाळी. तिला कोणी हात लावला नाही. हौद उपसावा लागला असता, आणि सगळ्यांनाच घाई होती.

चटया वर चढल्या, पट्ट्यांनी आवळल्या, भिंतीवरून पाइप खाली आला. कल्याणने शेवटी एक डबी बसवली. वरची चटई हौदापेक्षा जास्त तापली की पंप आपोआप सुरू, ढग आला की आपोआप बंद. कोणी बटण दाबायला नको. काकासाहेबांना ते फार आवडलं. दैवशालाला नाही आवडलं. घरात कोणी नसताना आपल्या मर्जीने सुरू होणारं यंत्र तिला बरं वाटेना.

पाणी मात्र कोमट झालं. आकांक्षा पुन्हा चालू लागली, हसू लागली. दैवशाला पाण्याकडेच बघत बसायची, म्हणून तिला दिसलं ते बाकी कोणाला दिसलं नाही. पंप सुरू झाला की पाण्यावरची लिंबाची पानं खोल कोपऱ्याकडे सरकायची, तिथे गोल फिरायची आणि खाली जायची. एकदा तिच्या हातून रुमाल पडला. तो तळाला जाऊन चिकटला. तिने लांब बांबूने ओढून पाहिला, तो हलेना. ढग आला, पंप थांबला, तेव्हा तो आपसूक सुटून वर आला.

तिने संध्याकाळी काकासाहेबांना सांगितलं. ते जेवत होते.

"पंप वढणारच की," ते म्हणाले. "वढला न्हाई तर पाणी वर कसं जाईल?"

"अहो, बांबूनं निघंना."

"रुमाल हाय तो. माणूस हाय का?"

तिने ताटात भाकरी वाढली. आपलं पाण्याचं भय सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आपलं बोलणं कोणी धरत नाही, हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून पंप चालू असला की ती आकांक्षाला खोल टोकाला जाऊ देईना. आकांक्षा कुरकुरत ऐकायची.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. सकाळपासून आभाळ भरलेलं, ऊन नाही, पंप बंद. काकासाहेब अंबडला गेल्ते. दुकान त्या दिवशी बंद होतं. आकांक्षा पाण्यात उतरली आणि पंप बंद आहे म्हणून निवांत खोल टोकापर्यंत गेली. तिथे पाणी तिच्या हनुवटीला लागायचं. दांडी धरून ती तिथेच पाय हलवत उभी राहिली.

आणि ढग फाटला. ऊन हौदावर पडलं, दैवशालाने डोळ्यांवर हात धरला. थोड्या वेळाने गोठ्यामागच्या खोलीतून पंपाची घरघर आली.

"आकू, इकडं ये," ती म्हणाली.

आकांक्षा वळली. एक पाऊल टाकलं आणि थांबली. पुन्हा वळून पाहिलं.

"आई, माझा पाय येऊन न्हाई राह्यला."

दैवशालाला वाटलं, गोळा आला असेल. पण आकांक्षाचा चेहरा दुखणाऱ्या माणसाचा नव्हता. ती खाली पाण्यात बघत होती. तळाची जाळी मोठ्या पंपाच्या ओढीने कधी फुटली ते कोणालाच कळलं नव्हतं, आणि तो बधिर पाय घोट्यापर्यंत भोकात गेला होता. दुसऱ्या कोणाला पहिल्याच ओढीला कळलं असतं. तिला काहीच कळलं नव्हतं.

तिने जोर केला आणि तिचा तोल गेला. तोंड पाण्याखाली जाऊन वर आलं. आता ती एका बाजूला कलली होती, एक हात दांडीवर, आणि नाक कसंबसं पाण्याच्या वर.

दैवशाला कधी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. लुगडं पाण्यावर फुगलं, पायाखालची फरशी उताराला लागली. दांडी धरत धरत ती लेकीपर्यंत पोचली. काखेत हात घालून ओढलं. पाय तसूभर हलला नाही. तळातून कोणीतरी धरून बसल्यासारखं वाटत होतं. तिने हाका मारल्या. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांच्या आवाजात तिची हाक कुठल्या कुठे गेली.

तिला रुमाल आठवला. पंप थांबल्याशिवाय हे सुटणार नाही.

"आकू, मी पंप बंद करून येते."

आकांक्षाने आईचा दंड पकडला. नखं रुतली. "सोडू नको, आई. मी बुडते."

दैवशालाला तिथून हलवेना. धरून ठेवलं तर लेक वर राहणार होती, पण किती वेळ? सोडलं तर कदाचित... त्याच्या पुढचा विचार तिने केला नाही. लेकीची बोटं तिने एकेक करून आपल्या दंडावरून सोडवली आणि दांडीवर ठेवली.

"दोन्ही हातांनी धर. तोंड वर. माझ्याकडं बघू नको, आभाळाकडं बघ."

पाठ फिरवून ती निघाली. मागून आकांक्षा आई म्हणून हाका मारत होती. तिने वळून पाहिलं नाही.

ओल्या पायांनी ती घरात धावली आणि दाराजवळचं मेन बटण खाली ओढलं. पंखा थांबला, फ्रिज थांबला. घरात शांतता झाली, आणि त्या शांततेत मागच्या अंगाने पंपाची घरघर तशीच येत राहिली. शेताची लाइन. पंप या बटणावर नव्हताच.

ती गोठ्यामागे पळाली. पंपाच्या खोलीला कुलूप. मोटारी चोरीला जातात म्हणून काकासाहेबांनीच लावलेलं, आणि चावी त्यांच्या खिशात. तिने कुलपाला हिसके दिले, दारावर खांदा मारला. लोखंडी दार वाजलं फक्त. हौदाकडून येणारी हाक थांबली होती.

हाक थांबली, हे ध्यानात आलं तेव्हा तिला क्षणभर काहीच दिसेना. मंग भिंतीच्या बुडाशी हौदाकडून येऊन खोलीत शिरणारा जाड पांढरा पाइप दिसला. ओढतो तो इथूनच. मोसंबीच्या आळ्यांपाशी कुदळ पडली होती. तिने ती उचलली आणि पाइपावर घातली. पहिला घाव निसटून भिंतीवर बसला. दुसऱ्याने पाइप चिरला. तिसऱ्याने फुटला, आणि आत सूं करून हवा शिरली. पंपाचा आवाज चढला, कोरडा, खडखडता. वरचं तापलेलं पाणी पाइपातून मागे उतरलं आणि फुटल्या जागेतून उसळून तिच्या अंगावर आलं.

ती हौदापाशी आली तेव्हा दांडीवर एकही हात नव्हता.

पाण्याखाली केसांचा काळा पुंजका दिसला. तिने पाण्यात अंग झोकून दिलं. पाणी नाकातोंडात गेलं, पाय लागले की नाही तेही तिला आठवत नाही. हाताला वेणी लागली, ती तिने ओढली. पाय सुटला होता. लेकीचं अंग हलकं होऊन तिच्याकडे आलं. पायरीवर तिला उपडी टाकून ती पाठीवर थापटत राहिली, थापटत राहिली, आणि मंग आकांक्षाला उलटी झाली. पाणी पडलं, खोकला आला, श्वास आला.

दोघी तिथेच ओल्या फरशीवर बसून होत्या. आकांक्षाच्या घोट्याभोवती जांभळं कडं उमटलं होतं, कातडी सोलून रक्त येत होतं.

"दुखतंय का गं?"

"न्हाई," आकांक्षा म्हणाली. "काहीच कळंना." आणि तेव्हा ती रडायला लागली.

अंबडच्या दवाखान्यात पायाचा फोटो काढला. हाड शाबूत होतं. काकासाहेब तिथेच आले. घरी आल्यावर एकटेच हौदाकडे गेले, फुटक्या पाइपाजवळ बराच वेळ उभे राहिले. मंग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "तू सांगितलं होतं मला." दैवशाला भाकरी थापत होती. ती हो म्हणाली, एवढंच.

तिला हौद बुजवायचा होता. माती टाका, मोसंबी लावा, ती म्हणाली. काकासाहेब लगेच तयार झाले. आकांक्षा नाही म्हणाली. पाण्यात उतरायची तिची छाती होत नव्हती, कित्येक दिवस ती मागच्या दारालाही फिरकली नाही. पण हौद बुजवू द्यायला ती तयार नव्हती. तेवढ्याच एका जागी मी काठीशिवाय चालते, ती म्हणाली. हौद राहिला.

कल्याणला बोलावलं तेव्हा तो मान खाली घालून उभा राहिला. मोठा पंप एकाच भोकातून ओढायला लागला की सगळा जोर तिथे येतो, हे मला माहीत होतं काकू, तळ बघायला पाहिजे होता, तो म्हणाला. काकासाहेबांनी त्याला मध्येच थांबवलं. पंप माझा, घाईबी माझी, ते म्हणाले.

काम पुन्हा झालं. हौद उपसला. तळाला एकमेकांपासून लांब दोन भोकं केली, म्हणजे एक बुजलं तरी ओढ दुसऱ्यावर जाते, आणि दोन्हींवर घुमटासारखी फुगीर, पक्की, जाळीदार झाकणं. चटया स्लॅबवरून उतरवून बागेकडच्या मोकळ्या जागेत बुटक्या लोखंडी सांगाड्यावर मांडल्या, म्हणजे जुना लहान पंप पुरला. आपोआपची डबी काढून टाकली. दैवशालाने सांगितलं तसं पायरीपाशी, हात पोचेल तिथे लाल बटण आलं. लेक पाण्यात असेल तोवर पंप बंद, हा तिचा नियम, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही.

झाकणं बसल्यावर ती कल्याणला म्हणाली, "पंप चालू कर. मी उतरते."

काकासाहेब म्हणाले, मी उतरतो. तिने ऐकलं नाही. पदर खोचला, दांडी धरली आणि खोल टोकापर्यंत गेली. तिचे ओठ पांढरे पडले होते. पंप सुरू होता. तिने आधी एका झाकणावर पाऊल ठेवलं, मंग दुसऱ्यावर. पाऊल उचललं. उचललं गेलं. तिने पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. काठावर तिघं बघत उभी होती, आकांक्षाही काठी टेकून आलेली.

तरी आकांक्षा त्या दिवशी उतरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून आली, टॉवेल काठावर ठेवला आणि आईकडे बघत राहिली. दैवशालाने बटण बंद आहे ना ते दोनदा पाहिलं. मंग आधी स्वतः पाण्यात उतरली आणि हात पुढे केला.

दोघी दांडीच्या कडेने चालू लागल्या. पाणी कोमट होतं. कमरेला आलं, छातीला आलं. तिथे आकांक्षा थांबली.

"आई, तुला भीती वाटून राह्यली का?"

"हो."

"मलाबी."

दैवशालाने तिचा हात घट्ट धरला. मंग आकांक्षाने बधिर पाय पुढे टाकला, पाण्यातून तो नीट टेकलाय ना ते वाकून पाहिलं, आणि दुसरा उचलला.