थर्केलची जोडी

थर्केल आजारी पडला तेव्हा मी त्याला जोडी दिली. तो सरकारपक्षाचा, मी विरोधातला. होबार्टच्या विधानसभेत तशी रीतच होती. एका बाजूचा माणूस अंथरुणाला खिळला, की दुसऱ्या बाजूच्या एकाने मतदानाला बाहेर बसायचं, म्हणजे तोल बिघडत नाही. शुक्रवारच्या अविश्वास ठरावापर्यंत, असं ठरवून मी त्याच्या हातावर हात मारला. चाळिशीपर्यंत मला सही येत नव्हती. लाकडाचे सगळे सौदे मी असेच केले होते.

शुक्रवारी मतदानाची घंटा वाजू लागली आणि आमचा प्रतोद गोर्ले धापा टाकत बाहेर माझ्या बाकापाशी आला.

"जेथ्रो, ऊठ! थर्केल गेला. त्याची घरमालकीण आत्ताच सांगून गेली."

"मग आत सांग. सभा तहकूब करतील."

"खुळा की काय तू? पंधरा-पंधरा आहेत, आणि सभापती त्यांचा. तू आलास की आपण सोळा. मेलेल्याशी कसली आलीय जोडी?"

मागोमाग आमचा नेता पायबस आला. बारा वर्षं तो विरोधी बाकावर बसला होता. आवाज न चढवता म्हणाला, "तुझ्या नदीवरचा पूल, जेथ्रो. सोमवारी मी मुख्यमंत्री, मंगळवारी हुकूम."

"मी मतदानापर्यंत म्हटलं होतं. तो मरेपर्यंत नाही."

"त्याला आता काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत."

ते दोघे आत गेले. दारं लागली. पंधरा-पंधरा झाले, सभापतीच्या मताने सरकार वाचलं. मग थर्केलची बातमी सांगितली गेली आणि सगळे उभे राहिले.

पूल झाला नाही. मी अजून होडीनेच जातो.

महिन्याभरात पक्षाने पायबसला नेतेपदावरून उतरवलं. बाकापाशी झालेलं बोलणं द्वारपालाने ऐकलं होतं, ते सगळीकडे पसरलं. जोड्या ठरवणं प्रतोदाचं काम, पण समोरची बाजू गोर्लेशी जोड्या लावेना. नव्या नेत्याने प्रतोदाचं काम माझ्याकडे दिलं.

त्या हिवाळ्यात पायबस माझ्याकडे आला. बराच वाळला होता.

"बुधवारी डॉक्टर पोट कापणार आहे. समोरच्या कुणाशी तरी जोडी लावून दे."

मी वहीत नाव लिहिलं. तो तिथेच उभा राहिला.

"आणि मी टेबलावरच गेलो तर?"

"मतदान गुरुवारी आहे. जोडी गुरुवारपर्यंत धरू."

त्याने हात पुढे केला.