एकही सोमवार मोडला नाही

"सिस्टर, पाळी आलीच नाही तर बरंच की! नाही का?"

विचारून टाकलं एकदाचं! मनकर्णा मटकन खाली बसली. मागून दीनानं चिमटा काढला, "जिंकलीस गं बाई पैज. चिंचा तुझ्या!" वर्गात खसखस पिकली. मुलगे कवायतीला मैदानावर पिटाळले होते म्हणून बरं, नाहीतर ही पैज कुणी लावली असती?

मेरी सिस्टर म्हणजे दीनाची आत्या, नगरच्या दवाखान्यात नर्स. राहुरीजवळच्या या शाळेत नववीच्या मुलींशी बोलायला त्या मुद्दाम आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"बरं कुणाला वाटतंय?"

"मलाच!" मनकर्णा पुन्हा उठली. आता भिऊन काय करायचं? "चार महिने झाले. बाहेर बसायची कटकट नाही. आणि माझे सोळा सोमवार चाललेत ना, मधे अडचण आली की तो सोमवार धरत नाहीत. माझे चौदा झाले, एकही मोडला नाही. आई म्हणते, व्रत पावलं."

"आणि खातेस काय?"

"सोमवारी वाटीभर भगर. गुरुवारी नि शनिवारी नुसता चहा. चतुर्थी, एकादशी वेगळ्या." सांगताना तिची मान ताठ झाली होती. एवढे उपास अख्ख्या वर्गात कुणाचे नव्हते.

"शाळेत चालत येतेस?"

"तीन मैल."

सिस्टरनी जवळ येऊन तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली अशी नव्हतीच.

"हे सगळं कशासाठी करतेस गं?"

"चांगलं सासर मिळावं. मुलंबाळं..." मनकर्णाची जीभ अडखळली. होणाऱ्या दोन मुलींची नावं तर तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहूनसुद्धा ठेवली होती.

"पोट उपाशी राहिलं ना, की शरीर म्हणतं, आधी हिला जगवू, मुलांचं पुढं बघू. मग आत बीज तयार व्हायचं थांबतं, पाळी थांबते. असंच चालू ठेवलंस तर पुढं दिवस राहायला अडचण येईल."

मनकर्णानं बाकावरची वही मिटली.

"पण... सुधारतं का?"

"बहुतेकदा सुधारतं. पोटभर जेव. आणि परवा सोमवारी दवाखान्यात ये, डॉक्टरबाई तपासतील. दुसरंही कारण असू शकतं. तू आज विचारलंस, बाकीच्या लग्नानंतर पाच वर्षांनी रडत येतात."

घरी येईपर्यंत ते तीन मैल तिनं जवळजवळ पळतच काढले. आबा गोठ्यात कालवडीपुढं पेंड ठेवत होते. आई चुलीपाशी.

"आलीस? चहा टाकते."

"चहा नको. भाकरी दे. आन् कालवण."

"अगं, शनवार हाय!"

"ठावं हाय." आणि मनकर्णानं एका दमात सगळं सांगितलं, पापणीसकट.

आईच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "चौदा सोमवार सुखरूप झालं, आन् आता दोनासाठी मोडायचं? त्या सिस्टरला आपल्या देवाचं काय ठावं?"

आबा पाठमोरे होते, पण त्यांचे कान इकडंच होते. मनकर्णा थेट गोठ्यात गेली.

"आबा, या कालवडीला दोन महिनं पेंड का घालताय?"

"लई वाळली हुती पोरी. वाळकं जनावर गाभ..." आबांचं वाक्य तिथंच थांबलं. ते कालवडीकडं बघत राहिले, मग लेकीच्या काटकुळ्या मनगटांकडं.

"मग तिला पेंड आन् मला भगर व्हय?"

आबांनी टोपलं खाली ठेवलं. घसा खाकरला. "अगं, वाढ तिला."

आईनं तव्यावरची भाकरी तेवढी उलटली.

मनकर्णा दोघांच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"आई, आबा, ऐका. ऱ्हायलेलं दोन सोमवार मी करीन, महादेवाला बेल वाहीन, पर पोटभर जेवून. गुरवार-शनवार आजपासनं बंद. परवा यष्टीनं नगरला दवाखान्यात जायचं, तुमी दोघांनी संगं यायचं. आन् आई, दुसरी भाकरी थाप. एकीनं माझं भागायचं न्हाई!"