दाराजवळचं पॅनेल

ठकीला ऑफिसात कुणी ठकी म्हणत नाही. तिथे ती कॉम्प्युटरवर इमारतींची मॉडेलं उभी करणारी, चाळिशी ओलांडलेली, कुणाचं एक म्हणून ऐकून न घेणारी मॅडम. ठकी म्हणणारे एकटे आप्पा, आणि तिचे हे वडील दोन आठवड्यांपूर्वी गेले.

आप्पा रंगारी होते. जुनं ग्रंथालय त्यांनी उभ्या आयुष्यात पाच वेळा रंगवलं. ते पाडून नवं बांधायचं ठरलं आणि काम आलं नेमकं ठकीच्या ऑफिसात. नव्या दर्शनी भिंतीला पत्र्याची एकशे चव्वेचाळीस पॅनेलं, तीही कारखान्यातूनच रंगून येणार. "म्हणजे रंगाऱ्याचं काही कामच नाही," आप्पा म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. साहेबांच्या हात धुऊन मागे लागून ठकीने एक गोष्ट पदरात पाडून घेतली: प्रत्येक पॅनेलला वेगळा रंग, आणि रंग निवडणार ती. तिच्या शेजारी बसून कोण निवडणार, हे साहेबांना सांगायची तिला गरज वाटली नाही.

मग दर रविवारी सकाळी ती लॅपटॉपवरून ऑफिसच्या सर्व्हरला जोडून घेई आणि आप्पांजवळ बसे. सॉफ्टवेअरमध्ये तिने एकच मूळ पॅनेल बनवलं होतं, त्याच्या प्रती भिंतभर लावल्या होत्या आणि रंगाचा रकाना प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दिला होता. आप्पांचे हात थरथरत, पण नजर शाबूत होती.

"हा फार चकचकीत झाला. जरा माती घाल त्यात."

"आप्पा, यात माती नसते, आकडे असतात."

"मग मातीचे आकडे घाल. एवढी शिकलीस कशाला?"

ती हसत आकडे खालीवर करी, आप्पांची मान हलेपर्यंत. त्यांच्याकडे प्रत्येक रंगाला नाव होतं. आत्याच्या स्वयंपाकघराचा पिवळा, ओल्या विटेचा लाल, ग्रंथालयाच्या जिन्याला दिलेला शेवटचा हात. नावं ठकीने कुठेच लिहून ठेवली नाहीत. आकडे फाइलमध्ये आहेत की, असं तिला वाटलं.

दाराच्या डाव्या हाताचं एक पॅनेल तेवढं राहिलं.

"ते तुझं," आप्पा म्हणाले. "त्याचा रंग मी नाही सांगणार."

"ठरवते हो. घाई काय आहे?"

"मला आहे."

पुढच्या प्रत्येक रविवारी ते विचारत, "ठरला का तुझा?" आणि ती म्हणे, "पुढच्या वेळी." ते पॅनेल मूळ करड्या रंगाचंच राहिलं.

नंतरच्या एका बुधवारी पडद्यावरची पॅनेलांची लांबलचक यादी बघून साहेब वैतागले. त्यांना ती एका पानात हवी होती. ठकीने मग अशी गोष्ट केली, जी एखाद्या नवख्याने केली असती तर तिनेच त्याला फैलावर घेतलं असतं. रंगाचा रकाना तिने प्रतींकडून काढून मूळ पॅनेलला दिला, म्हणजे यादीत सगळी पॅनेलं एकाच ओळीत मावतील. तसं केलं की प्रत्येकाचा स्वतःचा रंग पुसला जातो, हे तिला ठाऊक होतं. यादी छापायची आणि सेव्ह न करता फाइल बंद करायची, एवढाच तिचा बेत होता.

तेवढ्यात आईचा फोन आला. आप्पा बाथरूममध्ये पडले होते. ठकी ताडकन उठली, आणि उठता उठता वीस वर्षांच्या सवयीने तिच्या बोटांनी फाइल सेव्ह केली.

दोन आठवड्यांनी ती परत आली. बाकीचे नुसत्या रेषांच्या चित्रात काम करत होते, त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. सर्व्हर फाइलच्या शेवटच्या पाच प्रती ठेवतो, आणि त्या पाचही बुधवारनंतरच्या होत्या. ठकीने पडद्यावर रंग चालू केले. सगळी भिंत करडी होती. आप्पांनी सांगितलेले एकशे त्रेचाळीस रंग गेले होते आणि तिने न ठरवलेला तेवढा उरला होता. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, अगदी हुंदके देऊन.

साहेब आले आणि अवघडून उभे राहिले. "करडाही वाईट नाही दिसत," ते म्हणाले. "पण कारखान्याला आजच कळवायचंय. संध्याकाळपर्यंत काय ते करा."

ठकीने कागद घेतला आणि आठवतील तेवढी नावं लिहिली. अकरा झाली. पण आत्याच्या पिवळ्यात माती किती घातली होती? तिने आकडे बदलून बदलून पाहिले. आता थांब म्हणून मान हलवायला कुणी नव्हतं.

पाच वाजता तिने दाराजवळचं पॅनेल निवडलं. आप्पांच्या नखांच्या कडेला एक हिरवट निळा कायमचा बसला होता. कितीही घासला तरी गेला नव्हता, शेवटच्या दिवशीही. तो तिला कुणी सांगायला नको होता. तिने आकडे भरले आणि बटण दाबलं.

रकाना अजून मूळ पॅनेलकडेच होता. तिच्या डोळ्यांदेखत सगळी भिंत एकदम हिरवट निळी झाली.

"अरे वा," मागून साहेब म्हणाले. "हा ठरला का?"



"ठरला," ती म्हणाली. "पण उशीर झाला."

"छे हो, उशीर कसला," साहेब घड्याळ बघून म्हणाले. "कारखाना सहापर्यंत उघडा असतो."