क्रमांक नसलेल्या खोल्या

मित्रांनो, मी एक जुनी मेमरीची पट्टी आहे. हिरवी, वितीपेक्षा थोडी लहान, एका कडेला सोनेरी दात. स्वभावाने मी कडवट आहे, हे आधीच सांगून ठेवते. वीज गेली की माझ्यातले सगळे पुसले जाते. अपमान तेवढे कसे टिकतात, ते मलाही कळलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धूळ नव्हती आणि मायाही नव्हती. तोंड झाकलेल्या माणसांनी मला तपासले, पास केले आणि पाकिटात बंद केले. माझ्या काळ्या चिपांमध्ये चार अब्जांहून जास्त खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक छोटासा आकडा मावतो.

मी आले ती मोठे फलक छापण्याच्या दुकानात. संगणक वहिनी चालवायची, छपाईचे यंत्र आणि खरेदी तिचा धाकटा दीर बघायचा. वहिनीचा नवरा परगावी नोकरीला होता, त्यामुळे या दोघांच्या मध्ये पडायला कोणी नव्हते. पंखा किती जोरात ठेवायचा, इथपासून त्यांचे वाजायचे. संगणकाचा सगळा कारभार चालवणारी कार्यप्रणाली जुनी होती. ती बदलू का, असे दिराने मागे विचारले होते. "माझी बटणं जिथे आहेत तिथेच राहू देत," असे उत्तर मिळाले होते.

मग एका नाट्यगृहाचे काम आले. भिंतभर चित्र. ते उघडले की 'मेमरी अपुरी आहे' असे सांगून संगणक हात वर करायचा. दिराने मला आणले आणि आधीच्या पट्टीशेजारी बसवले. ती अगदी माझ्याएवढीच होती, पण तोरा थोरल्या जावेचा.

वहिनीने चित्र उघडले. पुन्हा तेच.

"दुप्पट होणार होती म्हणे," वहिनी म्हणाली. "भाऊजी, नकली माल गळ्यात मारलाय कोणीतरी."

"नकली नाही, वहिनी. मी बघून घेतलीय."

"कशी? वास घेऊन?"

मित्रांनो, मी तिथेच होते आणि मला बोलता येत नव्हते. खरी गोष्ट अशी. प्रत्येक खोलीला क्रमांक देण्याचे काम कार्यप्रणालीचे. क्रमांक नाही, तर खोली असून नसल्यासारखी. ही जुनी प्रणाली प्रत्येक क्रमांक बत्तीस घरांत लिहायची, आणि एका घरात, म्हणजे एका बिटमध्ये, फक्त शून्य किंवा एक. तीन घरांत असे आठच वेगळे क्रमांक होतात. एक घर वाढले की दुप्पट. बत्तीस घरांत सुमारे चारशे तीस कोटी होतात आणि तिथे गाडी थांबते. त्यातलेही बरेच ती पडद्याच्या कार्डाला आणि इतर भागांना वाटून टाकायची. उरलेले थोरलीला. या यंत्रात क्रमांक आधी तिच्याकडे जायचे, आणि माझ्या दारात येण्याआधीच संपायचे. माझ्या खोल्यांतून वीज मात्र सतत फिरायची, आत कोणी नसताना.

भांडण वाढले. "आता खरेदी मी बघीन," वहिनी म्हणाली. "आणि दुकानाची किल्ली ठेवून जा."

दिराने किल्ली माउसजवळ ठेवली. "ठेवली. आता ही नकली आहे, एवढं सिद्ध करा."

"करते ना." तिने संगणक बंद करून पेटी उघडली, थोरलीला उपटले आणि तिच्या जागी मला एकटीला दाबून बसवले. "आता हा सुरू झाला तर नाव बदलीन."

संगणक सुरू झाला.

वहिनीने माहितीची खिडकी उघडली. बसवलेली मेमरी चार जीबी, म्हणजे माझ्या सगळ्या खोल्या; वापरण्याजोगी सव्वातीन. तिने मला काढून थोरलीला बसवले. सव्वातीन. मग दोघींना बसवले. तेव्हा ओळ आली: बसवलेली आठ, वापरण्याजोगी सव्वातीन.

"पट्ट्या दोन्ही चांगल्या आहेत," दीर म्हणाला. "आठ आहेत हे त्याला दिसतंय, तरी वापरत नाही. खाली काय लिहिलंय बघा."

खाली लिहिले होते: बत्तीस बिट कार्यप्रणाली.

"म्हणजे तुमच्या त्या बटणांपायी..."

"कळलं. बोलून दाखवायची गरज नाही."

प्रणाली बदलली. दीर बदलत होता आणि वहिनी मागे उभी राहून प्रत्येक टिचकीला नाक मुरडत होती. नव्या प्रणालीच्या क्रमांकांना चौसष्ट घरे होती, माझ्यासारख्या कितीतरी जणी मावतील एवढी. नाट्यगृहाचे चित्र उघडले, थोरली भरली, आणि माझ्या खोल्यांत पहिल्यांदाच काहीतरी आले. रंगमंचाच्या पडद्याचा लाल रंग.

वहिनीने माफी मागितली नाही. ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "भाऊजी, ती किल्ली माउसच्या आड येतेय. उचला."

त्याने उचलली. खिशात टाकली. पंख्यावरून दोघे पुन्हा भांडू लागले.

तर मित्रांनो, माझ्यासारखीला हात लावाल तेव्हा कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. आणि एखादी नुसती बसून आहे असे म्हणण्याआधी, तिला कोणी क्रमांक दिला होता का, ते बघा. दिला नसेल, तर आधी तोंड आवरा.