रेंज न्हाय, ठीवतो

"शिवकन्ये, आधी माजा बग. घरात शिरलं की ह्याचा जीवच जातोय." लिंबाजीकाकांनी आपला मोबाइल सरळ तिच्या ताटाशेजारी ठेवला.

शिवकन्येच्या हातातला घास हातातच राहिला. यात्रेला म्हणून ती बेंगळुरूहून येरमाळ्याला आली होती. पहाटे आईबरोबर यात्रेच्या रिवाजाप्रमाणे चुन्याचे खडे वेचून येते न येते, तोच ओसरीवर मोबाइलची रांग लागली. "माजी लेक रेंज तयार करती," असं अण्णांनी स्टँडपासून देवीच्या डोंगरापर्यंत सांगून ठेवलं होतं. बापानंच दवंडी पिटल्यावर लोक कशाला गप बसतील!

"काका, मी मोबाइल दुरुस्त करत न्हाय हो," ती हसून म्हणाली. "मोबाइलच्या पोटात केसापेक्षा पातळ पापुद्रा असतोय. हवेतल्या हजार लहरींतली आपल्या कामाची लहर आली की तो थरथरतो, बाकीच्या बाहेरच अडतात. त्याला फिल्टर म्हणायचं. पण लई द्वाड! नको त्या लहरीलाबी थरथरतो. ते थरथरणं बंद करायचं, एवढंच माझं काम."

लिंबाजी एस्टीतले जुने कंडक्टर. त्यांना लगेच उमगलं. "म्हंजी आपल्या गाडीच्या काचा! चाळीसच्या वर काटा गेला की खडाखडा वाजायच्या."

"अगदी तस्संच! पापुद्र्याच्या कडा समोरासमोर सरळ असल्या की लहर हिकडून तिकडं आपटत बसती. म्हणून आमी त्या मुद्दाम वाकड्या कापतो."

"वाकडं केलं की नीट चालतंय? मग आपलं गाव तर झकास चालाया पायजे!"

ओसरी खो खो हसली. अण्णाही हसले, पण सगळ्यांचं हसणं बघून, जरा मागाहून.

बलभीमअण्णा कळंब डेपोचे ड्रायव्हर. सगळी उमर इंजिनाला कान लावून गेली. आवाज ऐकून गाडीची खोट सांगावी ती अण्णांनीच. रिटायर झाले तरी लोक जीप, ट्रॅक्टर दारात आणून म्हणायचे, "अण्णा, जरा ऐका की." आत्ताही महालिंगप्पा ट्रॅक्टर घेऊन फाटकात थांबला होता. त्या 'जरा ऐका की'वरच अण्णा म्हातारपणीही ताठ चालायचे.

तिच्याशी मात्र अण्णा बोलेनासे झाले होते. पूर्वी म्हशीच्या रेडकापासून सरपंचाच्या भांडणापर्यंत सगळं फोनवर सांगायचे. आता, "बरी हाईस ना? रेंज न्हाय, ठीवतो," की संपलं. कळंबच्या कॉलेजातली नोकरी नाकारून ती बेंगळुरूला गेली, त्याचाच हा राग, असं तिनं धरून ठेवलं होतं. यंदा विचारायचंच, असं ठरवून ती आली होती. पण समोर बसलं की तोंडच उघडत नव्हतं.

"आन् अण्णा सारखं म्हणत्यात, त्यांच्याच फोनला रेंज न्हाय व्हय?" लिंबाजींनी चिमटा काढला. "दिव्याखाली अंधार!"

"थांबा, बघते." ती पाराच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथून तिनं अण्णांना फोन लावला. लिंबाजींनी उचलला. "खणखणीत येतंय की! घ्या अण्णा, बोला."

समोर अण्णा नव्हते म्हणून की काय, तिला धीर आला. "अण्णा, तुमी माझ्यावर रुसलाव का हो?"

"हां... हां... बरी हाईस ना?"

"अण्णा! रुसलाव का?" ती ओरडलीच.

"रेंज न्हाय पोरी. ठीवतो."

तोच फोन, तीच ओसरी. लिंबाजींना आत्ता तर स्वच्छ ऐकू आलं होतं. म्हणजे खोट फोनात नव्हती, अण्णांच्या कानात होती. अगं वेडे, हा राग नव्हताच! एवढी वर्षं आपण बापाला उगाच बोल लावला.

ती झपाझप परत आली. "अण्णा, मला तर साफ आलं..." लिंबाजी अण्णांकडे निरखून बघत होते. अण्णा मान खाली घालून फोन धोतरानं पुसत होते. आता एक शब्द निघाला असता, तर दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं आणि उद्यापासून दारात एकही ट्रॅक्टर आला नसता.

"काका, रेंजच खराब हाय!" शिवकन्येनं फोन हातात घेतला. "खोट आमच्या फिल्टरची. घडीत येतंय, घडीत जातंय. तिकडं म्या ह्याच्याशीच झगडतीय."

"मंग एवढं शिकून काय उपेग?"

"व्हय ना काका. लई शिकायचं ऱ्हायलंय."

आईनं, मथुराबाईंनी, स्वयंपाकघराच्या दारातून लेकीकडे बघितलं आणि पदरानं डोळे टिपले. तिकडे महालिंगप्पानं ट्रॅक्टर चालू केला. अण्णा उठले, बॉनेटवर तळवा टेकून, डोळे मिटून उभे राहिले. "पट्टा ढिला झालाय," ते म्हणाले. महालिंगप्पानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या गाडीत तिला बसवताना अण्णा खिडकीशी आले. "तू फोन करू नगंस. म्याच करत जाईन. तू नुसती ऐक."

येडशी मागं पडली आणि फोन वाजला. अण्णा बोलत सुटले. म्हैस लाथ मारतीय, आईनं जेवणात मीठच घातलं न्हाय, लिंबाजी अजून यात्रेतच भटकतोय. आवाज एवढा मोठा, की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. शिवकन्येनं फोन कानाला घट्ट धरला.

"ऐकतीस नव्हं?"

"व्हय अण्णा, ऐकतीय."

उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ अण्णा थांबले आणि मग पुढचं सांगू लागले.