बांधावरचं गवत

ताईनं गवताची जाड काडी ओट्यावर आडवी धरली, ब्लेडची धार पेराशी टेकवली आणि एका ओढीत ती उभी चिरली. आत अळी होती. मेलेली, काळपट, सुतासारखी बारीक, आपणच कोरलेल्या भोकात चिकटून बसलेली. तिनं वहीत एक रेघ ओढली आणि पुढची काडी घेतली. तीही तशीच. त्याच्या पुढचीही.

एकशे ब्याऐंशी काड्या झाल्या तोवर चहाचं गार पाणी झालं होतं. जिवंत अळ्या निघाल्या चार.

"अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं, नसायचंच. निवृत्त झाल्यापासून तिला एकटीनंच मोठ्यानं बोलायची सवय लागली होती, आणि आताशा तिला त्याची लाजही वाटत नसे.

कृषी खात्याच्या नोकरीत तिला सगळे अळीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. मक्याच्या खोडकिड्यापायी तिनं एकतीस वर्षं घालवली. तिचं म्हणणं एका ओळीचं, खात्यानं ते पुस्तिकेत छापून गावोगाव वाटलेलं: शेतात मका नसतो तेव्हा हा किडा बांधावरच्या रानगवतात तग धरतो, म्हणून गवत मुळासकट काढा. हाताशी आकडेही होते. गवत कापून आणायचं, त्याच दिवशी चिरायचं, अळ्या मोजायच्या आणि गवत फेकून द्यायचं. अळ्या ढिगानं सापडायच्या. पुढे त्या अळ्यांचं काय होतं हे बघायला थांबतंय कोण? दुसऱ्या दिवशी दुसरे भारे दारात यायचे.

आता मात्र वेळच वेळ होता. दुपार तर खायला उठायची. म्हणून तिनं गॅलरीत पाण्याच्या बादल्यांमध्ये गवत उभं केलं, शेजारी मक्याच्या कुंड्या ठेवल्या, वरून जाळी टाकली, आत याच किड्याचे पतंग सोडले आणि महिनाभर रोज थोडं थोडं चिरून पाहिलं. पतंग मका सोडून गवतावरच अंडी घालत होते. अळ्या काड्यांत शिरतही होत्या. पण गवताच्या चिकट रसात त्या दोन-चार दिवसांतच मरत होत्या. बांधावर गवत असतं, तर तेवढा किडा मक्यावर गेलाच नसता.

म्हणजे धाकट्याचं बरोबर होतं.

धाकटा म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ. तो शेती बघायचा. अकरा वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, "ताई, गवताच्या कडेचा मका चांगला येतो. मी रोज बघतो ना." त्यावर ती म्हणाली होती, "नुसतं बघून काय होतं? मोजावं लागतं." तो हट्टाला पेटला, तीही पेटली. सख्ख्या भावाला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिनं खात्याची माणसं नेली आणि समोर उभं राहून त्याचं गवत उपटून जाळायला लावलं. अख्खं गाव बघायला जमलं होतं. धाकटा मान खाली घालून उभा होता. त्यानंतर ना फोन, ना येणंजाणं.

रविवारी तिनं चिरलेल्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि बस धरली. तीन तासांच्या वाटेत एकच वाक्य घोकलं: तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. त्यानं दारातूनच घालवून दिलं, तर ऐकून घ्यायचं आणि मागे फिरायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

तो शेतातच भेटला. बांधावर कुदळ मारत होता. केस पिकले होते, पाठीला बाक आला होता.

"आलीस?" तो म्हणाला, जणू ती मागच्याच आठवड्यात येऊन गेली होती.

"आले."

मग तिचं लक्ष बांधाकडे गेलं आणि घोकलेलं वाक्य मागेच राहिलं. बांधावर गवताची एक काडी नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती उकरलेली माती.

"बघ," तो म्हणाला. "अकरा वर्षं दर आठवड्याला खणतोय. मुळी दिसली की काढलीच."

"पण तुला तर पटलं नव्हतं."

"नव्हतंच पटलं." त्यानं दांड्यावर दोन्ही हात टेकले. "पण तू एवढी शिकलेली. पुस्तिकेत उगाच कशाला लिहिशील? म्हटलं, ताई कधीतरी येईल, तेव्हा बांध स्वच्छ दिसायला हवा."

पलीकडे मका उभा होता. पानांना ओळीनं भोकं पडलेली, मधले शेंडे वाळलेले. जवळ जायची गरजच नव्हती, तरी तिनं विचारलं.

"किडा कमी झाला?"

"नाही गं. वाढलाच." त्यानं ओशाळून नजर वळवली. "माझंच कुठेतरी चुकत असणार. मुळ्या खोल राहत असतील."

ताईला वाटलं, काही बोलूच नये. बांध छान ठेवलास म्हणावं आणि पाचची बस पकडावी. तो खूश होईल, येत जा म्हणेल. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कुदळ हातात घेईल.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "माझं चुकलं."

तिनं पुडकं उघडलं. बादल्या, जाळी, मेलेल्या अळ्या, सगळं भराभर सांगून टाकलं, त्याच्याकडे न बघता. त्यानं एकेक काडी उन्हात धरून नीट पाहिली. मग आपल्या हातांकडे पाहिलं. तळव्यांना घट्टे पडले होते.

"म्हणजे गवत राहू द्यायला हवं होतं."

"हो."

"अकरा वर्षं."

"हो रे."

सवयीनं त्यानं कुदळ उचलली आणि ती कुठे मारायची हे न कळून पुन्हा खाली ठेवली. ताई वाट बघत उभी होती. ओरडू दे, काय वाटेल ते सुनावू दे, आपण ऐकून घ्यायचं.

"उद्या खात्याला कळवणार आहे," ती म्हणाली. "ती पुस्तिका मागे घ्या म्हणून."

"कळव. पण इथे गावात कुणाला सांगू नकोस."

"का?"

"तुला हसतील गं, सगळ्यांसमोर."

ताईचे डोळे भरून आले. ती तिथेच मातीवर बसली. थोड्या वेळानं तोही बसला, जरा अंतर ठेवून.